मिनी ट्रॅक्टर घ्यायच्या आधी टेप घ्या: औजारं आणि पर्याय कसे निवडायचे

शोरूममध्ये वीस-पंचवीस एचपीच्या ट्रॅक्टरचं कोटेशन मागितलं की कागदावर ट्रॅक्टरच्या खाली आणखी पाच-सहा ओळी आपसूक येतात: चार फुटी रोटाव्हेटर, पाच फणी कल्टिव्हेटर, ट्रॉली, छत, बंपर, हुक. निफाडच्या नऊ फुटी द्राक्षबागेला तोच संच, शिरोळच्या साडेचार फुटी उसाला तोच आणि सांगोल्याच्या डाळिंबालाही तोच. या तिन्ही ठिकाणी एकच औजार नीट चालत नाही. पण हे कळतं ते पहिल्या फेरीला, जेव्हा टायर बोदावर (ओळीतल्या मातीच्या उंचवट्यावर) चढतो किंवा ब्लोअर, म्हणजे पंख्यानं फवारणारं यंत्र, भरल्यावर ट्रॅक्टर नाक वर करतो.

म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी आपल्या ओळीतलं अंतर, मग त्या ओळीत चालणारं औजार, मग ते औजार उचलणारा आणि फिरवणारा ट्रॅक्टर. रंग आणि कंपनी सगळ्यात शेवटी.

टेप घेऊन शेतात

चार मापं घ्या आणि वहीत लिहा.

पहिलं, दोन ओळींतलं अंतर. लागवड केली तेव्हाचं नको, आजचं हवं. द्राक्षाची ओळ नऊ फुटांची असली तरी दोन्ही बाजूंचे बोद आणि ठिबकच्या नळ्या सोडल्यावर टायरला सहा-साडेसहा फूटच उरतात. दुसरं, खांद्याच्या उंचीवरची रुंदी. वाय पद्धतीच्या, म्हणजे वाय आकाराच्या आधारावर चढवलेल्या द्राक्षबागेत खाली जागा असते, पण वर ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) आणि नवे फुटवे आत आलेले असतात. डाळिंबात फांद्या फळांच्या वजनानं झुकतात, म्हणून हे माप फळं भरलेली असताना घ्यावं. तिसरं, उंची. मांडवाची बाग असेल तर सगळ्यात खाली झोळ आलेल्या तारेपासून जमिनीपर्यंत मोजा. चौथं, बांधाकडे वळायला उरलेली जागा. शेवटच्या डांबाची ताणाची तार जिथं जमिनीत गाडली आहे तिथून पुढं मोजायचं, डांबापासून नाही. बहुतेक जण इथंच चुकतात.

आता ट्रॅक्टरची रुंदी. माहितीपत्रकात ‘ट्रॅक’ म्हणून दिलेला आकडा एका टायरच्या मध्यापासून दुसऱ्या टायरच्या मध्यापर्यंतचा असतो. त्यात एका टायरची पूर्ण रुंदी मिळवली की बाहेरून बाहेरचं माप येतं. समजा मागचा ट्रॅक ७६० मिमी आणि टायर ८.३ इंची, म्हणजे २११ मिमी. एकूण ९७१ मिमी, सव्वातीन फुटांना थोडं कमी. साडेचार फुटी उसाची सरी १३७० मिमी. दोन्ही बाजूंना मिळून ४०० मिमी उरतात, म्हणजे एका बाजूला जेमतेम आठ इंच. बाळभरणीपर्यंत, म्हणजे उसाला पहिली माती लावेपर्यंत, एवढं पुरतं. मोठ्या बांधणीच्या वेळी ऊस फुटलेला असतो, पानं आडवी आलेली असतात, तेव्हा ड्रायव्हरचा हात अगदी बसलेला हवा. चार फुटी सरीत मिनी ट्रॅक्टर घालायचा हट्ट धरू नये. तिथं पॉवर टिलर किंवा बैल बरे.

मिनी ट्रॅक्टरच्या बऱ्याच मॉडेलांत मागची चाकं उलटी लावून किंवा डिस्क फिरवून ट्रॅक कमी-जास्त करता येतो. कोटेशन घेताना ‘सगळ्यात अरुंद ट्रॅक किती आणि तो करायला काय काय खोलावं लागतं’ हे विचारा. कारखान्यातून गाडी बहुधा मधल्या मापावर येते.

रोटाव्हेटर: फूट आणि एचपी यांचं गणित

इंजिन २४ एचपीचं असलं तरी पीटीओवर, म्हणजे औजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्यावर, तेवढे एचपी मिळत नाहीत. साधारण २० ते २१ हाती लागतात. रोटाव्हेटर पीटीओवर चालतो, म्हणून हिशोब याच आकड्यानं करायचा. वाफशावरच्या काळ्या जमिनीत चार-पाच इंच खोल मारायचं तर फुटामागे पाच पीटीओ-एचपी धरा. २४ एचपीच्या ट्रॅक्टरला चार फुटी रोटाव्हेटर काठावर बसतो. जमीन चिकण असेल, किंवा गवत वाढल्यावरच रोटाव्हेटर मारायची सवय असेल, तर साडेतीन फुटी घ्या. मुरमाड, हलक्या जमिनीत चार फुटी आरामात चालतो.

मोठा रोटाव्हेटर घेतला तर काय होतं? इंजिन दबतं, धूर काळा येतो आणि ड्रायव्हर गिअर खाली टाकतो. पुढं जायचा वेग कमी होतो, पाती मात्र त्याच गतीनं फिरत राहतात, म्हणून माती गरजेपेक्षा बारीक होते. दिसायला छान भुसभुशीत, पण पहिल्या पावसात वर पापडी धरते. जादा डिझेल जळतं ते वेगळंच.

लहान घेतला तर दुसरी अडचण. रोटाव्हेटरची कामाची रुंदी टायरच्या बाहेरच्या मापापेक्षा प्रत्येक बाजूला निदान दोन इंच जास्त हवी, नाहीतर टायरनं दाबलेला पट्टा तसाच राहतो. वरच्या ९७१ मिमीच्या ट्रॅक्टरला साडेतीन फुटी, म्हणजे १०६७ मिमीचा रोटाव्हेटर बरोबर बसतो. पण सांगितली जाते ती रुंदी पात्यांची असते. बाजूची गिअर पेटी आणि फ्रेम धरली की बाहेरचं माप आणखी अर्ध्या फुटाच्या आसपास वाढतं. साडेचार फुटी उसात ही वाढ नडते. तिथं तीन फुटी घ्यावा आणि टायरचा इंचभर माग राहील हे मान्य करावं. फुटवे तुटण्यापेक्षा माग परवडतो.

घेताना बाजूची पेटी चेनची आहे की गिअरची हे पाहा. चेनचा रोटाव्हेटर हलका आणि स्वस्त असतो, पण दगडगोट्याच्या रानात चेन ताणते, तुटते. मुरमाड भागात गिअरचाच घ्या. पाती एल आकाराची असतील तर गवत कापून मिसळतं. सी किंवा जे आकाराची पाती कडक, ओलसर जमिनीत कमी चिकटतात. एक-दोन जादा पाती आणि बोल्ट पहिल्याच दिवशी मागून घ्या, सुगीच्या वेळी ते नेमके मिळत नाहीत.

रोटाव्हेटर जोडायची पिन पाहायला विसरू नका. मोठ्या ट्रॅक्टरच्या खालच्या लिंकची (औजार उचलणाऱ्या मागच्या हातांची) पिन २८ मिमीची, लहान ट्रॅक्टरची २२ मिमीची. त्यातही अरुंद मिनी ट्रॅक्टरांच्या दोन लिंकमधलं अंतर कमी असतं, सुमारे ४०० मिमी, तर २२ मिमी पिनेच्या नेहमीच्या जोडणीत (पहिल्या श्रेणीत) ते ६८३ मिमी असतं. शेजाऱ्याचं औजार चालेल म्हणून गृहीत धरलं आणि पिना जुळल्या नाहीत, ही तक्रार फार ऐकू येते. वेल्डिंगवाल्याकडून लिंक वाकवून घेणं हा त्यावरचा उपाय नव्हे. लिंक वाकली की औजार तिरकं चालतं आणि पीटीओ शाफ्टही तिरका फिरतो.

शाफ्ट कापल्याशिवाय रोटाव्हेटर सुरू करू नका

रोटाव्हेटरबरोबर येणारा पीटीओ शाफ्ट सगळ्या ट्रॅक्टरांसाठी एकाच लांबीचा असतो. मिनी ट्रॅक्टरला तो हमखास लांब पडतो. लांब शाफ्ट तसाच बसवला की औजार उचलताना तो दोन्हीकडे ढुशी मारतो: एकीकडे पीटीओचं बेअरिंग, दुसरीकडे रोटाव्हेटरची पेटी. आधी ऑइल सील गळतं, मग पेटीला चीर जाते. वॉरंटीत ते बसत नाही, कारण शाफ्ट कापून देणं डीलरचं काम आणि तो कापला आहे का हे पाहणं मालकाचं, असं सांगितलं जातं.

कापायची पद्धत अशी. शाफ्ट न लावता औजार तीन पॉइंटला (खालच्या दोन लिंक आणि वरची एक) जोडा. लिफ्ट हळूहळू खाली-वर करा आणि ट्रॅक्टरचा पीटीओ व औजाराचा दांडा एकमेकांच्या सगळ्यात जवळ कुठं येतात ते शोधा. बहुधा दोन्ही एका पातळीत आले की अंतर सगळ्यात कमी असतं. लिफ्ट तिथं थांबवा आणि औजाराखाली लाकडाचा ओंडका द्या. निव्वळ हायड्रॉलिकच्या भरवशावर हात खाली घालायचा नाही.

आता शाफ्टचे दोन भाग वेगळे करा. एक ट्रॅक्टरला, एक औजाराला लावा आणि शेजारी-शेजारी धरा. एकाचं टोक दुसऱ्याच्या क्रॉसच्या (टोकाच्या वळत्या सांध्याच्या) बुडाला टेकायच्या आधी दोन ते तीन सेंटीमीटर मोकळे राहतील अशी खूण करा. दोन्ही नळ्या आणि त्यांवरची दोन्ही प्लास्टिकची आवरणं सारख्याच मापानं कापा. हॅक्सॉ वापरा, कटरनं घाईनं कापलं की काठ निळा पडतो. आतले-बाहेरचे काठ कानशीनं घासून गुळगुळीत करा, नळीतला कीस पुसा, ग्रीस लावून जोडा. मग औजार वर-खाली करून अंतर सगळ्यात जास्त होतं तिथं पाहा: नळ्या निदान एक तृतीयांश लांबीनं, पंधरा सेंटीमीटरपेक्षा जास्त, एकमेकींत असल्या पाहिजेत. त्याहून कमी असतील तर शाफ्ट जास्त कापला गेला, नवा घ्यावा लागेल. म्हणून पहिल्यांदा थोडं कमी कापा, पुन्हा मोजा.

जोडताना आतल्या दोन्ही फोर्कचे कान एका रेषेत हवेत. एक दात पुढं-मागं बसला तर शाफ्ट धडधडतो आणि क्रॉस आठवड्यात जातो. लॉकची पिन खट्ट आवाज करून बाहेर यायला हवी. मग शाफ्ट हातानं मागं ओढून खात्री करा. आवरणाच्या साखळ्या दोन्हीकडे अडकवा. धोतर, उपरणं, साडीचा पदर शाफ्टमध्ये गेल्याच्या घटना याच साखळ्या नसल्यानं होतात.

काम करताना शाफ्टचा कोन २५ अंशांच्या आत ठेवा. ओळीच्या टोकाला औजार उचलताना पीटीओ बंद करा, किंवा लिफ्टच्या लिव्हरला स्टॉपर लावून जमिनीपासून वीतभरच उचला.

ब्लोअर आणि वजन

बागायतदारासाठी मिनी ट्रॅक्टरचं खरं औजार ब्लोअरच. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर पाऊस झाला की डाऊनी या बुरशीजन्य रोगासाठी चोवीस तासांत बाग फवारून काढावी लागते. माती तेव्हा ओली असते. ट्रॅक्टर त्याच दिवशी आत जाऊ शकला पाहिजे, म्हणून ट्रॅक्टर निवडताना हाच दिवस डोळ्यासमोर ठेवावा.

टाकी उचलायची की ओढायची? एकरी ४०० लिटर पाणी धरलं तर २०० लिटरच्या उचलून न्यायच्या ब्लोअरला एकरी दोन भरणे लागतात. पाच एकराला दहा. ओढायचा ६०० लिटरचा ब्लोअर तेच काम चार भरण्यांत करतो. बाग दोन-तीन एकरांची असेल आणि वळायला जागा कमी असेल तर उचलायचा घ्या. त्यापेक्षा मोठ्या बागेला ओढायचा. पण भरलेल्या ६०० लिटरच्या ब्लोअरचं वजन यंत्रासकट नऊशे किलोच्या आसपास जातं, म्हणजे मिनी ट्रॅक्टरच्या स्वतःच्या वजनाएवढं. सपाट रानात ठीक, उतारावर तो ट्रॅक्टरला ढकलत नेतो. चढ-उताराची बाग असेल तर ४०० लिटरवर थांबा.

उचलायच्या ब्लोअरचं गणित मात्र कागदावर करूनच घ्या. हायड्रॉलिकची क्षमता ७५० किलो असं वाचून ३५० किलोचा ब्लोअर सहज उचलेल असं वाटतं. उचलेलही. पण ती क्षमता लिंकच्या टोकाला दिलेली असते. वजन जसं मागं सरकतं तशी ती कमी होते, आणि खरी अडचण लिफ्टची नसतेच, पुढच्या चाकांची असते. एक उदाहरण घ्या. ट्रॅक्टर ९५० किलोचा, त्यातले ३८० किलो पुढच्या चाकांवर. दोन आसांमधलं अंतर दीड मीटर. ब्लोअर १५० किलो, पाणी २०० लिटर, मिळून ३५० किलो, आणि त्याचा भार मागच्या आसापासून १.३ मीटर मागं. पुढच्या चाकांवरून किती वजन उठेल? ३५० गुणिले १.३, भागिले १.५, म्हणजे ३०३ किलो. पुढं उरले ७७ किलो.

एवढ्यावर स्टिअरिंग चालत नाही. औजार उचललेलं असताना पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाच्या निदान वीस टक्के भार हवा, म्हणजे इथं १९० किलो. ११३ कमी पडतात. पुढच्या आसाच्या ६० सेंटीमीटर पुढं वजनं लावली तर प्रत्येक किलोचा परिणाम १.४ किलो होतो. ८० किलो लावले की काम भागतं: वीस-वीस किलोच्या चार प्लेटा. त्या प्लेटा अडकवायची चौकट मिनी ट्रॅक्टरला पुष्कळदा मागून घ्यावी लागते. कोटेशनमधला शोभेचा बंपर काढून टाका आणि त्या पैशांत ही चौकट घ्या.

पडताळा सोपा आहे. टाकी भरा, औजार उचला आणि फक्त पुढची चाकं वजनकाट्यावर घ्या. ऊसपट्ट्यात काटा गावोगाव असतो. मोठ्या काट्याची नोंद दहा-वीस किलोंच्या टप्प्यानं होते, तेवढा फरक धरा.

ब्लोअरच्या यंत्रात तीन गोष्टी पाहायच्या. पंपाची क्षमता, पंख्याच्या पेटीत मंद-जलद-न्यूट्रल असे टप्पे, आणि नोझल. नोझल सिरॅमिकच्या घ्या, पितळेच्या गंधकासारख्या भुकटीनं लवकर झिजतात. किती पाणी सुटायला हवं हे असं काढा: ताशी किलोमीटरमधला वेग, गुणिले ओळीचं अंतर मीटरमध्ये, गुणिले हेक्टरी लिटर, भागिले ६००. ताशी ४ किमी, नऊ फुटी ओळ म्हणजे २.७ मीटर आणि हेक्टरी १००० लिटर धरले, तर मिनिटाला १८ लिटर. नोझल बारा असतील तर प्रत्येकीतून दीड लिटर. प्रत्येक नोझलखाली मिनिटभर बाटली धरून मोजा. जिच्यातून दहा टक्क्यांपेक्षा जास्त-कमी पडतं ती बदला. वेग तपासायला ओळीत ५० मीटर मोजा, ४ किमीच्या वेगानं ते ४५ सेकंदांत पार व्हायला हवेत. मीटरकडे पाहून वेग ठरवू नका, ओल्या मातीत चाक घसरतं.

डायफ्रॅम पंपाच्या तेलाची काच रोज पाहा. तेल दुधासारखं पांढरं दिसलं की डायफ्रॅम, म्हणजे पंपातला लवचीक पडदा, फाटला आणि औषधाचं पाणी आत शिरलं. त्याच क्षणी थांबवलं तर डायफ्रॅमवर भागतं, तसाच चालवला तर अख्खा पंप जातो.

बाकीची औजारं

पाच फणी कल्टिव्हेटर बहुतेकांना लागतो आणि तो घ्यावा. दगड असतील तर स्प्रिंगचा, काळ्या मोकळ्या रानात साधा. नांगर मात्र घेऊ नये असंच आमचं मत. वीस एचपीच्या ट्रॅक्टरनं नांगरट होते, पण उथळ होते आणि क्लच-टायर दोन्ही झिजतात. वर्षातून एकदा भाड्यानं मोठा ट्रॅक्टर लावणं स्वस्त पडतं. पुढचा लोडर पाहायला भारी वाटतो, पण त्याला फोर-व्हील ड्राइव्ह, मागं वजन आणि जाड पुढचा आस लागतो. शेणखत भरायला गडी परवडतो.

ट्रॉली टन-दीड टनाची पुरे. भरलेल्या ट्रॉलीला ब्रेक ट्रॅक्टरचेच असतात, म्हणून ट्रॉली जास्त भरण्याची चूक उतारावर वर्षानुवर्षं जीव घेते. ट्रॉलीची आरटीओ नोंदणी वेगळी करावी लागते, हे डीलर सांगेलच असं नाही.

उसासाठी भरणीचं औजार घेताना रिजरचे, म्हणजे माती दोन्हीकडे लोटणाऱ्या फाळाचे, पंख कमी-जास्त रुंद होणारे घ्या. साडेचार आणि पाच फुटी, दोन्ही सऱ्यांत तेच चालतं. द्राक्ष, डाळिंबाच्या छाटलेल्या काड्या बागेतच बारीक करायच्या असतील तर श्रेडर लागतो. पण तो पीटीओचे बरेच एचपी खातो, आणि वीस एचपीच्या आतल्या ट्रॅक्टरला जाड डाळिंबी फांद्या झेपत नाहीत. दोन-चार जणांनी मिळून घेण्यासारखं औजार आहे ते.

ट्रॅक्टरवरचे पर्याय, आता

औजारं ठरली की ट्रॅक्टरचे पर्याय जवळजवळ स्वतःच ठरतात.

फोर-व्हील ड्राइव्ह: ओल्या बागेत ब्लोअर न्यायचा असेल तर घ्याच. नुसतं उन्हाळी काम, हलकी जमीन, ट्रॉली एवढंच असेल तर टू-व्हील चालेल. डांबरी रस्त्यावर फोर-व्हील बंद ठेवावा, नाहीतर पुढचे टायर वर्षात टक्कल होतात. टायर बदलताना पुढचा-मागचा मापाचा मेळ कंपनीनं दिला तोच ठेवा, मनानं मोठा टायर चढवला की गिअरपेटीवर ताण येतो.

क्लच आणि पीटीओ: एका क्लचच्या ट्रॅक्टरात पाय दाबला की पीटीओही थांबतो, आणि फिरत असलेला रोटाव्हेटर किंवा पंखा आपल्या गतीनं ट्रॅक्टर पुढं ढकलतो. बांधाच्या टोकाला ताणाच्या तारेत शिरायचा तो एक मार्ग. स्वतंत्र पीटीओ असलेला ट्रॅक्टर मिळत असेल तर थोडे पैसे जास्त देऊन घ्यावा.

पीटीओचा वेग: बहुतेक औजारं मिनिटाला ५४० फेऱ्यांसाठी बनलेली असतात. काही मिनी ट्रॅक्टर ६०० आणि ७५० च्या आसपासचे वेग देतात. ब्लोअर ७५० वर फिरवला तर पंप आणि पंखा मर्यादेबाहेर जातात, म्हणून ५४० फेऱ्या इंजिनच्या किती आरपीएमला मिळतात हे विचारा आणि मीटरवर खूण करा. ५४०-ई म्हणजे इंजिन मंद ठेवून तेवढ्याच फेऱ्या. ब्लोअरला डिझेल वाचतं, रोटाव्हेटरला वापरू नका, जोर कमी पडतो.

सायलेन्सर: मांडवात किंवा वाय पद्धतीत उभा सायलेन्सर वरच्या कोवळ्या फुटव्यांना भाजतो. आडवा किंवा खाली वळवलेला मागा. ट्रॅक्टर उलटला तर ड्रायव्हरला वाचवणारी मागची कमान घडीची असेल तर बागेत दुमडता येते. बागेबाहेर आली की पुन्हा उभी करायची. छत मात्र बागेसाठी नकोच.

तेलातले ब्रेक घ्या, चिखलात सुके ब्रेक भरोशाचे नाहीत. पुढं वजन आणि फोर-व्हील असेल तर पॉवर स्टिअरिंग चैन राहत नाही. टिपिंग ट्रॉलीला एका बाजूचा जादा व्हॉल्व्ह पुरतो. टायरमध्ये पाणी भरून वजन वाढवायचं सुचवलं जातं. ओढकामाला ते चांगलं, पण बागेत माती दाबली जाते आणि मुळं गुदमरतात, म्हणून काढता येणाऱ्या प्लेटाच बऱ्या.

चाचणी आणि कागद

मध्य प्रदेशात बुदनी इथं केंद्र सरकारची ट्रॅक्टर चाचणी संस्था आहे. तिथल्या अहवालात पीटीओचे खरे एचपी, लिफ्टची क्षमता, डिझेलचा खप असतो. निवडलेल्या मॉडेलचा अहवाल डीलरकडे मागा. माहितीपत्रकापेक्षा तो जास्त खरं बोलतो.

चालवून पाहायचं तर शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर नाही. आपल्या शेतात, वाफशावर, भरलेल्या टाकीसकट, आणि सगळ्यात अडचणीच्या ओळीच्या टोकाला वळवून. ज्या माणसानं रोज चालवायचा त्यालाच बसवा.

अनुदान घ्यायचं असेल तर महाडीबीटी पोर्टलवर अर्ज आणि पूर्वसंमती आधी, खरेदी नंतर. हा क्रम चुकला की अनुदान जातं. कृषी यांत्रिकीकरणात अल्प-अत्यल्प भूधारक, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५० टक्के, इतरांना ४० टक्के, दोन्हींना कमाल रकमेची मर्यादा आहे. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांसाठी सामाजिक न्याय विभागाची ९ ते १८ एचपीच्या मिनी ट्रॅक्टरची वेगळी योजना आहे, त्यात उपसाधनांसह ९० टक्के अनुदान मिळतं. या गटांनी वरचं वजनाचं आणि फुटांचं गणित जास्तच काटेकोर करावं, कारण १८ एचपीला चार फुटी रोटाव्हेटर झेपत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर, शेती औजारं आणि ट्रॅक्टरचे टायर यांवर जीएसटी ५ टक्के आहे. बिलात ट्रॅक्टर, प्रत्येक औजार, विमा, आरटीओ या ओळी वेगळ्या मागा. औजाराची वॉरंटी त्याचा कारखाना देतो, ट्रॅक्टर कंपनी नाही, म्हणून औजाराचा क्रमांक आणि बिल वेगळं हवं.

गाडी घरी आली त्या दिवशी रोटाव्हेटरच्या पेटीतलं तेल पाहा. वाहतुकीत सांडू नये म्हणून पेटी कधीकधी कोरडीच येते. ९० नंबरचं गिअर तेल पातळीच्या बोल्टपर्यंत भरा. पाच तास चालवल्यावर पात्यांचे सगळे बोल्ट पुन्हा आवळा, नव्या रंगाचा थर दबून ते हमखास सैल होतात. एक पातं सुटून दुसऱ्यावर आदळलं की ओळीनं चार-पाच जातात. त्यानंतर रोज सकाळी शाफ्टच्या दोन्ही क्रॉसला ग्रीस, आणि पन्नास तासांवर पहिली सर्व्हिस.